गंगेच्या मातीची शेगडी

मी एक जुनी शेगडी आहे. मित्रांनो, त्याआधी मी एक गळकी बादली होते. मला शेगडी करण्यात रत्नाकररावांचा फायदा उघड होता. माणूस कोल्हापूरचा, नोकरी बनारसला रेल्वेत आणि बायको बालाजी घाटावरच्या भटजींची मुलगी. मटण घरी भाजता यावं आणि भांडणही होऊ नये, म्हणून मी क्वार्टरच्या अंगणात बसले. गंमत म्हणजे मला आतून लिंपायला त्याच बायकोनं, कालिंदीताईंनी आणली ती गंगेची माती!

मटण अंगणात, स्वयंपाकघर आत. दोन्हींमध्ये ये-जा फक्त चिंचगुळाच्या रसाची. ताई तो आत आटवायच्या, गोडा मसाला घालून, आईच्या आमटीच्या अंदाजानं. मग मातीच्या कुल्हडात ओतून बाहेर द्यायच्या. रत्नाकरराव नारळाच्या कुंच्यानं तो मटणाला माखायचे. थेंब निखाऱ्यावर पडले की मी चुरचुरायचे आणि शेजारी माझी तारीफ करायचे. ताई मटण चाखत नसत, पण नुसत्या वासावरून आतून सांगत, "उलटा आता, करपेल!"

त्यांना सल एकच होता. लग्नाला सहा वर्षं झाली, मध्ये आई गेली, तरी वडील दिनानाथभटजी, म्हणजे अण्णा, या घरी पाण्याचा घोट घ्यायलाही आले नव्हते.

एका रविवारी, भर दुपारी, फाटक वाजलं.

"कालिंदी, आईच्या श्राद्धाचं सांगायला आलो गं. दारातूनच जाणार होतो. पण आमटी केलीस काय? गल्लीपर्यंत खुशबू येतेय. तिचा चिंचगूळ अगदी असाच..."

अण्णांना बघून रत्नाकररावांची गाळण उडाली. जाळी बाजूला ओढून त्यांनी माझ्यावर बादलीभर पाणी ओतलं. काडकन माझ्या मातीला तडा गेला.

अण्णा डोळे पुसत म्हणाले, "धूर फार आहे बाबा." मग हळूच, "थोडं भातावर वाढशील?"

ताई रसाचं पातेलं घ्यायला वळल्या आणि थबकल्या. त्या दिवशी भुकेच्या घाईत रत्नाकररावांनी पातेलंच बाहेर आणलं होतं. कुंचा त्यातच बुडालेला! गुपचूप काढला असता तर कुणाला कळलं असतं? पण ताई म्हणाल्या, "अण्णा, याला मटणाचा कुंचा लागलाय. नवीन करते. थांबाल?"

अण्णांनी जावयाकडे पाहिलं. मला वाटलं, निघाले.

"गूळ आहे ना घरात?"

"शेवटचा खडा आहे."

"मग बसतो. जल्दी कुणाला आहे? पण जावईबापू, तुमचं काम कच्चंच राहिलं की!"

"राहू द्या अण्णा. तुम्ही जेवा."

अण्णा आत पाटावर बसले आणि भात दोनदा मागून जेवले. पुढे ते दर रविवारी यायचे. म्हणायचे, "पेटवा बिनधास्त, मी धूर येणार नाही असा वाऱ्याच्या अलीकडे बसतो."

आता गॅस आला. मी पेरूच्या झाडाखाली असते. मित्रांनो, शेगडीवर पाणी ओतू नका. निखारे राखेनं झाका, आपसूक निवू द्या. त्या रविवारचा हिशेब मात्र मी मांडून ठेवलाय. अण्णांना बायकोच्या हातची चव मिळाली, ताईंना वडील मिळाले, रत्नाकररावांचं मटण गेलं पण सासरे आले. आणि तडा? तो माझ्या खात्यात. ताईंनी तो गंगेच्याच मातीनं बुजवला, म्हणून मी कुणाकडे काही मागत नाही.