कुंपणाआडचा कोपरा

खारट कुरणातली बुटकी, लालसर रोपं गाईच संपवतात, हे वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या ताईचं ठाम मत. म्हणून तिने गाई चारणाऱ्या धाकट्या भावाच्या मागे लागून कुरणाच्या एका कोपऱ्याला कुंपण घालून घेतलं होतं. पाच वर्षं जवळ फिरकणाऱ्या प्रत्येक गाईला ती छत्री उगारून हाकलत आली.

आतलं हिरवंगार दिसतंय यावरच ती खूश होती; आज रोपं मोजायला पहिल्यांदाच फाटक उघडून बघते तर आत पुरुषभर उंच बोरूचं गवत माजलेलं. त्याच्या सावलीत लाल रोप औषधालाही सापडेना. बाहेर मात्र गाईंनी बोरूचे कोंब खाऊन फस्त केलेले, आणि खुरांच्या खळग्यांतून तीच लाल रोपं दाटीने वर आलेली!

"कुंपण हलवलंस का रे?"

"ताई, मला काय वेड लागलंय?"

ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. डोकं पार चक्रावलं. मग इतकी वर्षं आपण राखलं तरी काय?

शेवटी तिने फाटक सताड उघडलं आणि जवळच्या गाईला हाक मारली, "ये गं बाई, ये."

गाईने तिच्याकडे पाहिलं, हातातल्या छत्रीकडे पाहिलं आणि शेपूट वर करून धूम ठोकली.