निवत्या ताऱ्याची आच

कोहिनूर गावच्या माळावर, नरसिंगच्या वीटभट्टीजवळ, मोबाइलची रेंज नीट मिळते. म्हणून सुट्टीत घरी आलेली त्याची कन्या प्रेरणा तेथेच कडुनिंबाखाली बाज टाकून, लॅपटॉप उघडून बसली होती. सायंकाळी पाचपूर्वी तिला एका ताऱ्याविषयी निर्णय कळवायचा होता.

तेरा महिन्यांपूर्वी त्या ताऱ्याचा स्फोट पृथ्वीवरून दिसला. पहिल्या महिन्यात साऱ्या जगाच्या दुर्बिणी तिकडे वळल्या; परंतु त्या ऐन तेजात केवळ बाह्य आवरण दिसते. वर्ष सरून आवरण विरळ झाले, म्हणजे मग गाभ्याचे दर्शन घडते. स्फोटात निपजलेले कोबाल्ट सावकाश लोह होत असते, आणि तेवढ्या ऊर्जेवर तो मंद प्रकाश तग धरतो. त्यात ऑक्सिजनची रेषा किती ठळक, यावरून मूळ तारा केवढा होता हे ताडता येते. तो वीस सूर्यांएवढा असावा, असे प्रेरणाने आपल्या पहिल्या लेखात लिहिले होते, आणि तिचा प्रबंध त्यावरच उभा होता.

लडाखच्या दुर्बिणीतून आलेल्या वर्णपटात मात्र ऑक्सिजनच्या जागी उंचवटा नव्हता. तेथे चक्क खाच होती.

फोन वाजला. तिचे मार्गदर्शक लिंगराज सर बोलत होते.

"नोडम्मा, हे बघ, दुर्बिणीची राखीव रात्र एकच उरली आहे. तुझ्या ताऱ्यात काही नसेल तर मी ती दुसऱ्याला देतो."

"सर, अजून एकदा तपासते."

"तीनदा तपासलंस की! विझलेल्या चुलीत किती फुंकशील? पाचपर्यंत सांग."

नरसिंग भट्टीच्या भिंतीला पालथा हात लावून पाहत होता. आग बंद होऊन सहा दिवस झाले होते. मुलीचा चेहरा पाहून तो बाजेशी आला.

"कामून माय, तोंड उतरलंय?"

"अप्पा, तारा दिसंना झालाय. त्याच्या भवतीचा उजेड वजा केला, तर त्योच नाहीसा होयलाय."

"भवतीचा म्हंजे कुठला?"

"दोन्ही अंगांचा घेतला अन् सरासरी काढली. तशीच रीत हाय."

नरसिंग हसला. "रीत माझीबी व्हती. तू शाळंत व्हतीस तव्हाची गोष्ट. भट्टी निवली का बघायला हात लावला, तर भिंत ऊन लागली. शेजारी काशप्पाची भट्टी पेटलेली. म्या म्हनलं, ही ऊब त्याचीच हाय, आपली निवली. उघडली की! आत धग तशीच व्हती; गार वारं लागून चार हजार इटा तडकल्या. काशप्पा अजून मला 'डागदरसाब' म्हनतो, हात लावून ताप बघनारा." मग भट्टीकडे बोट करून तो म्हणाला, "तव्हापासून जिकडं दुसरी आग न्हाई, तिकडच्याच अंगाशी ताडून बघायलोय."

प्रेरणा लॅपटॉपकडे वळली. तो तारा ज्या दीर्घिकेत होता, तिचे जुने छायाचित्र तिने काढले. ताऱ्याच्या डाव्या अंगास काळोख होता. उजव्या अंगास, अगदी खेटून, एक तेजोमेघ प्रकाशत होता. त्या मेघाचा स्वतःचा ऑक्सिजन ती ताऱ्यातून वजा करीत आली होती.

तिने उजवे अंग वगळले आणि केवळ डाव्या अंगाचा काळोख वजा केला. खाच भरून आली. तिच्या जागी रुंद, बसका उंचवटा उभा राहिला. तिने तो दोनदा मोजला.

चार वाजता तिने फोन लावला.

"सर, तारा आहे. शेजारच्या मेघाचा उजेड वजा केल्यानं हरवला होता. रात्र मला हवी."

"बरं. आणि ऑक्सिजन?"

"कमी आहे, सर. त्यावरून तारा तेरा सूर्यांच्या वर जाईना. मी वीस छापलंय."

"रात्र तुझीच," लिंगराज सर म्हणाले. "लेखाची दुरुस्तीही तुझ्याच नावानं जाईल. आजच लिहायला घे."

"व्हय सर."

नरसिंग पुन्हा भट्टीपाशी पोहोचला होता. त्याने तेथूनच हाक दिली, "काय गं, तुझी भट्टी उघडायची का?"

"न्हाई अप्पा, अजून एक रात्र बघायची हाय," प्रेरणा म्हणाली, आणि तिने स्वतःचा जुना लेख उघडला.