उलट्या लवीचा तुकडा

कास्तोरिया गावात तळ्याकाठी फर शिवणाऱ्यांची घरं आहेत. सुलतानाच्या राजधानीतले दुकानदार अखंड कातड्यांचे झगे करतात आणि कापून उरलेले तुकडे पोत्यांत भरून इकडे धाडतात. कोल्ह्याचे पंजे, खारींची पोटं, सेबल या मुंगसासारख्या जनावराचे गळे. इथली माणसं ते असे जोडतात, की सगळा झगा एकाच जनावराचा वाटावा.

नाउम कापायचा आणि त्याची बायको दोम्ना शिवायची. गेल्या हिवाळ्यात दोम्ना तापाने गेली. त्याआधी लेकीच्या, मलामोच्या लग्नाच्या झग्याला तिने फरचं अस्तर लावून ठेवलं होतं. नाउमने तो झगा पेटीतून बाहेर काढलाच नव्हता. आता लग्न रविवारी होतं आणि विहीण आदल्या दिवशी झगा बघायला येणार होती. शुक्रवारी सकाळी त्याने पेटी उघडली आणि अस्तरावरून तळहात फिरवला.

मानेपासून हात सरसर खाली गेला आणि कमरेपाशी अडला. कोल्ह्याचा एक तुकडा उलटा लागला होता. त्याची लव वरच्या दिशेने होती.

अशी चूक शिकाऊ पोरगीसुद्धा करत नाही. विहीण सेवास्तीचा जन्म शिवण्यात गेलेला. तिच्या हाताला हे लागलं, की सगळी गल्ली दोम्नाला हसणार. नाउमने तुकडा काढायला सुरी घेतली. टाके फार बारीक होते. त्याने सुरी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"बाबा, मी उसवते," मलामो म्हणाली.

"हात लावू नकोस."

शनिवारी सेवास्ती आपल्या दोन जावांना घेऊन आली. आल्या आल्या तिने झगा मांडीवर ओढला. हात खाली आला आणि अडला.

"हे कुणी शिवलं?"

"मी," नाउम म्हणाला.

"तुम्ही? व्याहीबुवा, ईस्टरला तुम्ही लावलेलं बटण तुटून पाद्रीबाबांच्या दाढीत अडकलं होतं!"

जावा फिदीफिदी हसल्या.

"मीच शिवलं," नाउम हट्टाने म्हणाला.

"दोम्नाचा टाका मी ओळखत नाही होय? मी शेजारीच बसले होते त्या दिवशी. माझ्या दिराने गाढव होडीत घातलं, ते सांगत होते तिला. तळ्याच्या मधोमध गेल्यावर गाढव उठून उभं राहिलं. होडी काठाला लागली तेव्हा गाढव कोरडं आणि दीर चिंब! दोम्ना इतकी हसली, की सुई दोनदा हातातून पडली. तेव्हाच लागलाय हा तुकडा."

"माझ्या नवऱ्याची किती वेळा अब्रू काढणार, जाऊबाई?" धाकटी जाऊ म्हणाली.

नाउमला ही गोष्ट ठाऊकच नव्हती. सुई शोधत चटईवर ओणवी झालेली दोम्ना त्याला दिसली आणि तो मोठ्याने हसला. मलामो त्याच्याकडे बघतच राहिली. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"मग उसवू का नको?" त्याने विचारलं.

"उसवून तर बघा. लग्न मोडीन!"

मलामोने झगा अंगात घातला आणि गिरकी घेतली. चुलीची धग होती, तिला घाम फुटला, पण ती झगा काढेना. जावांनी टाळ्या वाजवत लग्नाचं गाणं धरलं. सेवास्ती नाउमला नाचायला ओढू लागली.

"नाचतो," तो म्हणाला. "पण आधी ती गोष्ट पहिल्यापासून सांगा. आणि कुठे कुठे हसली, तेही सांगा."