टेबलाने पाडलेलं नाव

थोरलीनेच धाकट्या जावेला शिलाई कारखान्यात चिकटवलं, तेही आपल्याच काज-बटणाच्या टेबलावर. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

त्या टेबलावर प्रत्येकीला टेबलाने पाडलेलं नाव होतं. भराभर हात चालवणारी ती आगगाडी, बटणं दातांत धरणारी ती खारूताई. थोरली मात्र सात वर्षं नुसती ‘अहो बाई’. “अहो बाई, कात्री द्या.” आदर होता, पण आदर काय चाटायचाय? घरी ती ‘आमचं टेबल, आमचं टेबल’ इतकं करायची की नवरा म्हणायचा, “टेबलाशीच लग्न लावायचं होतंस.”

धाकटी तिसऱ्याच दिवशी खदखदून हसली आणि तिचा भोंगा झाला. “ए भोंग्या, डबा काढ.” थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि ही बया त्या नावाला मजेत ओ देत होती.

मग शर्टांचा एक गठ्ठा परत आला. काजं इतकी मोठी की बटणं आपोआप सुटत होती. मुकादमाने विचारलं, “कुणाचं काम हे?”

टेबलाची रीत ठरलेली होती. अशा वेळी तोंड उघडायचं नाही, सगळ्यांनी मिळून उसवायचं. थोरलीच्याही दोन चुका टेबलाने अशाच पोटात घातल्या होत्या. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

“माझ्या जावेचं,” थोरली म्हणाली.

धाकटीची रवानगी तळघरात झाली, धागे कापायला. आगगाडीने तिचा डबा जिन्यापर्यंत नेऊन दिला. दुसऱ्या दिवसापासून खालून तेच हसू ऐकू येऊ लागलं. तिथल्या बायकांनीही म्हणे तिला लगेच नाव पाडलं होतं. थोरलीने अर्ध्या डब्यालाच झाकण लावलं.

टेबल चार दिवस तिच्याशी बोललं नाही. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खारूताई तिच्याकडे न बघताच म्हणाली, “ए मुकादमाची बातमीदार, सरक जरा.”

बाकीच्या फिसकन हसल्या. थोरलीचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे असं मिळालं होतं.

“ओ,” ती म्हणाली, आणि सरकली.