उभे धागे

तिने सुईत लाल धागा ओवला, खालच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याच्या भोकातून वर घेतला आणि मधल्या पत्र्याला घट्ट गाठ मारली. शहरातली रुळांवरची सगळी वाहतूक टेबलावर तीन थरांत मांडली होती. खाली मेट्रो, मध्ये रेल्वे, वर ट्राम. जिथे माणूस एका गाडीतून उतरून दुसरीत बसतो, तिथे थरांना जोडणारा एक उभा धागा. बुधवारी समिती बघायला येणार होती.

ट्रामचा एक मार्ग तिने राखाडी रंगवला होता. रूळदुरुस्तीसाठी तो काही महिने बंद होता, आणि संगणकावरचं मॉडेल म्हणत होतं की तो बंदच राहिला तरी कुणाचं काही अडणार नाही. मेट्रोने जा, पुढे रेल्वे पकडा, तेवढ्याच वेळात पोचता.

हाच मार्ग आईच्या घरापासून तिच्या नव्या घरापर्यंत थेट यायचा; ती तिथे राहायला गेली त्याच सुमारास तो बंद झाला. आई मात्र नव्या घरी एकदाही आली नव्हती. का, ते तिला ठाऊक होतं. घर बदलताना ती बोलून गेली होती, "पडदे विकत मिळतात आई, तू आता डोळे फोडत बसू नकोस." जिने आयुष्यभर शिलाई मशीन चालवून घर चालवलं तिला असं बोलायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं. आई रुसून बसली, आणि लेकही काही कमी नव्हती. तिने हट्टाने विकतचेही पडदे आणलेच नाहीत. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली.

"या उभ्या धाग्यांना वेळ किती धरलाय?" मॉडेलचं गणित लिहिणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं. जाड चष्म्यामुळे अख्खं ऑफिस त्याला भिंग म्हणायचं.

"शून्य. नंतर भरू म्हणून ठेवला होता."

"आणि राहून गेला."

"या फलाटावरून त्या फलाटावर तर जायचं. असा कितीसा वेळ लागतो?"

"तुला नाही लागत. पण गाडीत काय तू एकटीच बसतेस? सावकाश चालणारं कुणीतरी घेऊन जा आणि मोजून ये."

सावकाश चालणारं तिच्या माहितीत एकच माणूस होतं. संध्याकाळी तिने धीर करून फोन लावला.

"कामापुरतंच ना?" आईने विचारलं.

"कामापुरतंच."

"मग येते. माझा गुडघा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

रविवारी सकाळी आई तिच्या घराजवळच्या मेट्रो स्टेशनच्या दारात उभी होती. खांद्याला फुगलेली कापडी पिशवी.

"हे काय आणलंस? दे, मी घेते."

"राहू दे म्हटलं ना."

गाडी बदलायच्या स्टेशनावर दार उघडताच तिने मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं. आई भिंतीच्या कडेकडेने निघाली. पुढे वर जाणारा जिना, तो वळून आणखी एक जिना. हा जिना ती स्वतः रोज चढायची, पण त्याच्याखाली एक बाक आहे हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आई मात्र सरळ तिथे गेली आणि घरच्या खुर्चीत बसावं तशी बसली.

फलाट झाडणारी बाई झाडूवर रेलून हसली.

"आज सोबत आहे वाटतं, आजी. म्हणजे पडदे पोचणार म्हणायचे."

लेक जागच्या जागी थांबली. आई पिशवीचा बंद नीट करत राहिली.

"तू इथे आली होतीस?"

"ट्राम बंद झाल्यापासून अधूनमधून. इथवर यायचे, जिना बघायचे, घटकाभर बसायचे आणि परतीची गाडी धरायचे."

"मला फोन करायचास ना. धावत खाली आले असते."

"करणार होते. पण घर बदललंस तेव्हा तूच म्हणालीस, ट्राम नसली तरी एकच तर गाडी बदलायची असते. म्हटलं, एवढंही जमत नाही हे लेकीला कुठल्या तोंडाने सांगू?"

तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. आई रुसलेली नव्हतीच. ती शेजारी बसली आणि ओढणीने डोळे पुसले.

"आता ते घड्याळ बंद कर बघू," आई म्हणाली. "बसलेला वेळ कशाला मोजतेस?"

"तोच तर मोजायचाय."

मग दोघी एकेक पायरी चढल्या. पिशवी आता लेकीच्या खांद्यावर होती. वळणावर आईने पुन्हा दम खाल्ला आणि जिना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

सोमवारी भिंगने आकडा बघितला, मग तिच्याकडे बघितलं आणि तो मॉडेलमध्ये भरला. बाकीच्या धाग्यांनाही शून्याऐवजी खरे वेळ द्यावे लागणार होते.

"ट्राम लागणार," संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला. "तिच्यावाचून बरेच जण अडकतात इथे."

तिने पातं घेतलं आणि वरच्या पत्र्यावरचा राखाडी रंग खरवडायला सुरुवात केली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने खिडकीजवळून फोन लावला.

"आई, पडदे लांब झालेत गं. जमिनीवर लोळतायत."

"मुद्दाम ठेवलेत. दुमड तिथे येऊन घालणार. टाचण्यांना हात लावू नकोस."

"ट्राम सुरू व्हायला वेळ आहे अजून."

"तोवर बाक आहे की," आई म्हणाली. "तू फक्त खाली ये."