सहाच्या ठोक्याला

शिंपिणीचं लिखाण आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं आणि त्याच दिवशी ती पकडली गेली. चूक कुणाची म्हणाल, तर सगळ्यांचीच. त्यातल्या त्यात शहाण्यांची जरा जास्त.

'कोपरा' हे पंधरा दिवसांनी निघणारं वर्तमानपत्र. ते दुकानात मिळत नाही. ज्यांना घर नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, अशी माणसं ते रस्त्यावर उभी राहून विकतात. प्रत्येकाची जागा ठरलेली, गळ्यात नंबराचा बिल्ला, आणि एक नियम: पेपर दिल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. कुणी हातावर नाणं टेकवून पुढे सटकला, की शिंपीण पेपर घेऊन त्याच्या मागे धावायची. "अहो, भीक नाही मागत मी, पेपर घेऊन जा!" तो चोरासारखा पळायचा आणि ही पोलिसासारखी मागे. शिवणाचा कारखाना बंद पडला, भाड्याची खोली गेली, पण ताठा काही गेला नाही. जाऊही नये.

पेपरचं शेवटचं पान विक्रेत्यांचं. लिहिणाऱ्याला त्रास नको म्हणून संपादकांनी मोठ्या काळजीने ठरवलं होतं, की खाली नाव छापायचं नाही, फक्त बिल्ल्याचा नंबर. शिंपिणीने लिहिलं ते बेघरांच्या रात्रीच्या निवाऱ्याबद्दल. तिथेच ती आणि तिची सासू वर्षभर झोपत होत्या. सकाळी सहाच्या ठोक्याला सगळ्यांना बाहेर काढतात, मग ताप असो की गुडघे धरलेले असोत. संध्याकाळी सातपर्यंत दाराला कुलूप. लेखाखाली छापलं, विक्रेता क्रमांक एक्केचाळीस. आणि मग तोच एक्केचाळीस छातीवर लटकवून बाई निवाऱ्याच्या समोरच उभी राहिली! इतकी वर्षं पेपर चालतोय, पण हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी दार उघडलं तसं पहारेकऱ्याने तिला थेट ऑफिसात नेलं. संचालिकाबाई खुर्चीत होत्या. पायाशी हीटर, समोर 'कोपरा', लेखाखाली लाल रेघा.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

"खाल्लं कुठे, मॅडम? इथे फक्त झोपतो आम्ही."

संचालिकाबाईंनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. लेखातली माहिती खोटी आहे, आजारी आणि वृद्ध माणसांना इथे दिवसाही राहू दिलं जातं, असं त्यात लिहिलं होतं. खाली सहीसाठी जागा. "पुढच्या अंकात हे छापून आण. नाहीतर उद्या सकाळी बाहेर पडलात की परत यायचं नाही. तू नाही आणि तुझी सासूही नाही."

शिंपिणीने पेन उचललं. एकटी असती तर तो कागद तिने तिथेच फाडला असता. पण सासूचे गुडघे असे, की जिना चढताना तिला दर पायरीला देव आठवायचा आणि त्यालाही ती चार शब्द सुनवायची. उघड्यावर एक रात्र काढली तर ती उठेल का? खोट्यावर सही करायची म्हणजे शिंपिणीला स्वतःचीच शिसारी येत होती. तरी पेन कागदाला टेकलं.

"काय लिहिलंय त्यात?" दारात सासू उभी होती.

"आजी, तुम्ही झोपा जाऊन," संचालिकाबाई म्हणाल्या.

"झोपेन हो. माझ्या खाटेचा कागद आहे ना? मग मला कळायला नको? वाच गं, सूनबाई."

म्हातारीला अक्षर येत नव्हतं, कान मात्र तिखट होते. शिंपिणीने वाचलं. वृद्धांना दिवसा राहू देतात, या वाक्याला सासूने हात वर केला.

"म्हणजे रोज दिवसभर मी इथेच असते?"

"असं लिहिलंय, आई."

"आणि बसस्टॉपवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालते ती कोण? माझी सवत?"

पहारेकऱ्याला खोकला आला. तो खोकला नव्हता.

"आता तू लिहिलेलं वाच."

शिंपिणीने तेही वाचलं. लेखात एक म्हातारी होती. खांबाला टेकून ती संध्याकाळची वाट बघायची आणि दुखतंय असं कुणाला सांगायची नाही. ऐकता ऐकता सासूचा चेहरा बदलला. तिला वाटायचं, सुनेला आपलं ओझं झालंय. सून रोज इतकं बघत होती, हे तिला आज कळलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून ती एकदम खेकसली.

"खरं लिहिलंस ना? मग ठेव ते पेन खाली."

"आई, उद्यापासून खाट जाईल. बाहेर पडलो की परत घेणार नाहीत."

"ते बघू सकाळी. आज तर आहे ना? चल, मला आडवं व्हायचंय."

रात्रभर शिंपीण कुशी बदलत राहिली. सासू मात्र घोरत होती.

सकाळी सहाला घंटा झाली. बायका उठल्या, गाठोडी बांधली, रांगेने निघाल्या. शिंपिणीनेही गाठोडं उचललं आणि सासूला हात दिला. सासूने तो धरून तिलाच खाली बसवलं.

"बाहेर पडलो तर परत घेणार नाही, असंच म्हणाली ना ती? मग बाहेर पडायचंच कशाला?"

शिंपीण बघतच राहिली. वर्षभरात हे कुणालाच सुचलं नव्हतं. घंटा झाली की उठायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. रांग दारातच थांबली. पहारेकरी आला, उभा राहिला आणि परत गेला. मग संचालिकाबाई आल्या, पायात सपाता, हातात किल्ल्या.

"उठा! नियम म्हणजे नियम. नाहीतर उचलून बाहेर ठेवावं लागेल."

सासूने पाय लांब केले आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. शिंपिणीने पिशवीतून वही काढली, गुडघ्यावर उघडली आणि वर तारीख टाकली.

"उचला की," सासू म्हणाली. "पण जरा हळू उचला. सूनबाईला लिहायला वेळ लागतो."