खिडकीतून दिलेली वायर

इब्राहिम तांबोळी वारला तेव्हा त्याच्या दुकानात लोकांच्या अकरा बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. एकसष्ट सालचा जानेवारी. आठ दिवस तो छातीत कफ भरून पडून होता, आणि बुधवारी दुपारी डॉक्टर हात धुवायला मोरीत गेले असताना त्याचा श्वास थांबला. त्याची बायको सुलतानबी उशाशी होती. डॉक्टर परत आले. त्यांनी टॉवेल मागितला, तो तिनं दिला.

शिरूरच्या पेठेत त्यांचं घर होतं. मागं दोन खोल्या आणि पुढं रस्त्याच्या अंगाला दुकानाची खोली. तिथं एका लोखंडी बैठकीवर मोटर आणि डायनामो जोडून बसवलेले होते, भिंतीवर स्विच आणि काट्याचं मीटर होतं. वीज न पोचलेल्या गावांच्या ग्रामपंचायती आपल्या रेडिओच्या बॅटऱ्या एस.टी.च्या टपावर टाकून इथं पाठवायच्या. मालट्रकवाले यायचे. खोलीला कायम ॲसिडचा वास असायचा आणि सुलतानबीच्या प्रत्येक लुगड्याला बारीक भोकं पडलेली असायची, कारण बॅटरीत पाणी भरायचं आणि काचेची नळी बुडवून ॲसिडचा जोर बघायचा, ही कामं तीच करायची. वायरी जोडायचं काम इब्राहिमचं.

दफन झालं. बायका येऊन रडल्या. तिला रडू आलं नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय, उतरेल. तिला स्वतःला काहीच वाटत नव्हतं. समोर ठेवलेला भात ती खायची आणि ताट उचलून नेलं की जेवलो की नाही, हे तिला आठवायचं नाही.

नवरा गेलेल्या बाईनं चार महिने दहा दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. ती इद्दत सुलतानबीनं धरली. पण तिसऱ्याच दिवशी करडे गावचा माणूस बॅटरी मागायला आला. मग दुसरा आला. दुकानाला रस्त्याकडं एक रुंद खिडकी होती. तिला तिनं जुन्या चादरीचा पडदा लावला आणि पडद्याखालून एकेक बॅटरी सरकवून दिली. आठव्या दिवशी खोलीत एकही बॅटरी उरली नाही. आता खोली बंद होईल, असं तिला वाटलं, तेवढ्यात पोपटराव आले.

पोपटराव मोठे बागायतदार, बाजार समितीत त्यांचा शब्द चालायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावातून बॅटरीवर चालणाऱ्या दोन गाड्या आणल्या होत्या. नुसत्या फळ्या आणि चार चाकं, पुढं उभं राहून हाकायच्या. पेठेच्या बोळात ट्रक शिरत नसे, म्हणून कांद्याची पोती बाजारातून ट्रकपर्यंत या गाड्या वाहायच्या. सकाळी काम, दुपारी इब्राहिमच्या दारात चार्जिंग. अख्ख्या तालुक्यात त्यांना चार्जिंग मिळेल अशी दुसरी जागा नव्हती.

पोपटराव पडद्यापलीकडून खाली मान घालूनच बोलले. झालं ते फार वाईट झालं म्हणाले. गाड्या पंधरा दिवस उभ्या आहेत, अशाच राहिल्या तर बॅटऱ्या मरतील, असंही म्हणाले.

सुलतानबीनं विचार केलाच नाही. ती म्हणाली, "वायर खिडकीतनं देते. गाडीला तुमच्या माणसानं लावायची. मी बाहेर येणार न्हाई."

त्यांचा माणूस म्हणजे भिमाजी. पन्नाशीचा, आधी बैलगाडीवर होता. दोन गाड्या दोन कंपन्यांच्या होत्या आणि दोन्हींची वायर लावायची तोंडं वेगळी होती. मोठ्या गाडीच्या प्लगला एक पिन जाड आणि एक बारीक, त्यामुळं तो एकाच बाजूनं बसायचा. लहान गाडीच्या प्लगला दोन सारख्या गोल पिना, तो कसाही बसायचा. इब्राहिमनं दोन्हींसाठी वेगवेगळ्या वायरी केल्या होत्या. लहान गाडीला मात्र तो स्वतःच वायर लावायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. का, ते त्यानं सुलतानबीला कधी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मोठी गाडी आली, नीट चार्ज झाली. दुसऱ्या दिवशी भिमाजीनं लहान गाडी खिडकीखाली उभी केली. पडद्याखालून आलेली वायर घेतली, गाडीला लावली आणि लावली म्हणून सांगितलं. सुलतानबीनं स्विच ओढला. मीटरचा काटा एका झटक्यात पार टोकाला जाऊन आदळला आणि डायनामोचा आवाज जड झाला. तिनं लगेच स्विच पाडला. बाहेर गाडीच्या बॅटरीपेटीच्या फटींतून वाफ येत होती. भिमाजी मागं सरला.

"भाभी, म्या काय केलं?" तो म्हणाला. "जशी हुती तशीच लावली."

वायर उलटी लागली होती. अधिकाकडं उणं आणि उण्याकडं अधिक. तेवढ्यात दोन सेल कामातून गेले.

भिमाजी कळवळला होता. तो पुन्हा पुन्हा बोलत राहिला आणि पोपटरावांना काय सांगू विचारत राहिला. सुलतानबी पडद्याआड उभी होती. आपल्याला भीती वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं. तिनं त्याला सांगितलं, माझं नाव सांगा, आणि ती आत जाऊन बसली.

पोपटराव रागावले नाहीत. पण बातमी दौंडला पोचली आणि पुढच्या जुम्म्याला तिचा धाकटा भाऊ महबूब आला. तो रेल्वेत डब्यांच्या दिवाबत्तीच्या कामावर होता, त्याला बॅटऱ्या कळत होत्या. त्यानं वायरी पाहिल्या, प्लग पाहिले आणि डोकं हलवलं.

"आपा, हे काम एका माणसाच्या हाताच्या सवयीवर चाललं हुतं," तो म्हणाला. "तो माणूस गेला. आता हे बंद कर, आन् इद्दत सरली की दौंडला चल."

तिनं विचारलं, दोन्ही गाड्यांना एकसारखं तोंड बसवता येईल का? जाड आणि बारीक पिनेचं, चुकूच शकणार नाही असं?

येईल, पण तसला प्लग आणि त्याचं तोंड मिळालं पाहिजे, असं महबूब म्हणाला. तो पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत दौंडच्या भंगारवाल्याकडून आणलेली, गंजलेली पण धड अशी एक जोडी होती. भिमाजीनं दरम्यान लहान गाडीचे दोन सेल बदलून आणले होते.

गाडीच्या दोन्ही वायरी काळ्याच होत्या आणि त्यांच्यावरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. महबूबनं काचेच्या पेल्यात मिठाचं पाणी मागितलं. वायरींची टोकं खिडकीतून आत घेऊन, एकमेकांना लागू न देता, त्यानं पाण्यात धरली. एका टोकाभोवती भराभर बुडबुडे उठले, दुसऱ्याभोवती थोडेच.

"जास्त बुडबुडे ते उणं," तो म्हणाला. "हे ध्यानात ठेव. बाकी सगळं विसरलीस तरी चालंल."

मग जुनी वायर कापायची होती. इब्राहिमनं त्या वायरीला जोड दिला होता तिथं तारा वेणीसारख्या पिळून वर सुती पट्टी गुंडाळली होती, इतकी सारखी की बोट फिरवलं तरी शिवण लागायची नाही. महबूबनं पक्कड तिच्यापुढं धरली आणि म्हणाला, मीच कापू का? तिनं पक्कड घेतली. दोनदा दाबावी लागली. तुकडा खाली पडला, तो तिनं उचलून भंगाराच्या डब्यात टाकला. महबूब तिच्या तोंडाकडं बघत होता. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

नव्या प्लगच्या तारांचा पहिला जोड महबूबनं केला, दुसरा तिनं. त्यानं तिचा ओढून पाहिला, सुटला नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं तो दौंडला परत गेला. जाताना त्यानं दौंडला चल असं पुन्हा म्हटलं नाही.

त्यानंतर चूक झाली नाही. रोज दुपारी पडद्याखालून वायर बाहेर जायची, भिमाजी लावायचा आणि दोन बोटं चौकटीवर वाजवायचा. ती स्विच ओढायची, काटा जागेवर येऊन थांबायचा. चार तासांनी ती स्विच पाडायची, तो वायर काढून आत द्यायचा. रेडिओच्या बॅटऱ्याही पुन्हा यायला लागल्या. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, उन्हाळी कांदा आला. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. ती ऐकायची. धीर कशाला म्हणतात ते तिला माहीत होतं आणि हे ते नव्हतं. काटा जिथं असायला हवा तिथं आहे ना, एवढंच ती बघायची.

मेच्या शेवटी इद्दत संपली. शेजारच्या बायका येऊन बसल्या, त्यांनी तिला अंघोळ करून नवं लुगडं नेसायला लावलं. दुसऱ्या दिवशी पोपटरावांचा निरोप आला: समितीच्या आवारात पत्र्याची एक शेड मोकळी आहे, मोटर तिथं हलवता येईल, येऊन बघून जावं. भिमाजी मोठी गाडी घेऊन दारात आला आणि म्हणाला, "बसा भाभी. पोती न्हाईत आज."

ती फळीवर पाय सोडून बसली. गाडीचा आवाज फारसा झालाच नाही, नुसती गुणगुण. बोळातली माणसं बाजूला झाली. काही जणांनी तिला ओळखलं, काहींनी नाही.

तिनं शेड पाहिली. पोपटराव बोलत होते, ती हो-नाही करत होती. शेवटी तिनं सांगितलं की मोटर आहे तिथंच बरी. गाड्या तिच्याकडं येतात, ते चालू राहू दे. पोपटरावांनी आग्रह केला नाही. पुढं पाच वर्षं, पेठेत तीनचाकी टेम्पो येईपर्यंत, त्या गाड्या तिच्याच खिडकीखाली उभ्या राहिल्या.

परत जाताना मात्र चालत जाते म्हणाली. चार महिने पडून राहून चपलेचं चामडं कडक झालं होतं. तेलीआळीपर्यंत आली तेव्हा अंगठ्याच्या बाजूला काहीतरी टोचायला लागलं. ती तशीच चालली. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिनं चप्पल काढली. कातडी सोलून निघाली होती, खाली लाल झालं होतं. तिनं त्यावर बोट टेकवलं, आणि झटकन काढून घेतलं.

दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. रस्त्यानं बायका भाजी घेऊन चालल्या होत्या, त्यातली एक थांबली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली.

"चप्पल चावली," सुलतानबी म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच फाटला.